केव्ह डायव्हिंगची ट्रिप: विमानतळ जवळ आला, पण गुहेतलं अंतर तेवढंच का राहतं?

निळंशार पाणी, छताच्या भोकातून आत आलेला उन्हाचा झोत आणि त्यात तरंगणारा एक डायव्हर. इन्स्टाग्रामवर हे रील कुठल्या ना कुठल्या रूपात तुमच्यासमोर आलंच असेल. खाली बहुतेक वेळा लोकेशन असतं 'तुलुम, मेक्सिको'.

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी ही जागा तशी आवाक्यातली. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोसाठी वेगळा पर्यटक व्हिसा काढावा लागत नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत तिथे पोहोचणंही सोपं झालंय. डिसेंबर २०२३ मध्ये तुलुमला स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ मिळाला. त्याच महिन्यात 'ट्रेन माया' या रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला आणि वर्षभरात तिचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला.

साहजिकच लोक नकाशा उघडतात, पिन टाकतात आणि सात दिवसांत सहा ठिकाणं बसवतात. इथेच गडबड होते. केव्ह डायव्हिंगच्या ट्रिपमध्ये 'दोन ठिकाणांमध्ये किती प्रवास करायचा' हा प्रश्न पेट्रोल आणि वेळेपुरता नसतो. त्याचा थेट संबंध पाण्याखालच्या सुरक्षिततेशी असतो.

तो कसा, हे समजून घेऊ.

आधी हे सेनोटे म्हणजे काय?

मेक्सिकोचा युकातान द्वीपकल्प हा चुनखडीचा सपाट प्रदेश आहे. उत्तरेकडच्या भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. पाऊस थेट खडकात मुरतो आणि पाणी जमिनीखालच्या गुहांमधून समुद्राकडे वाहतं. गुहेचं छत कुठेतरी कोसळलं की वरून विहिरीसारखा खड्डा दिसतो. त्याला तिथे 'सेनोटे' म्हणतात.

हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होती, तेव्हा यातल्या बऱ्याच गुहा कोरड्या होत्या. म्हणूनच आज पाण्याखाली चुनखडीचे लोंबते खांब दिसतात. ते कोरड्या गुहेतच तयार होऊ शकतात.

या गुहांचा विस्तार अफाट आहे. जानेवारी २०१८ मध्ये 'साक आक्तुन' आणि 'दोस ओहोस' या दोन गुहा आतून जोडलेल्या असल्याचं डायव्हर्सनी सिद्ध केलं. तेव्हा त्यांची एकत्रित लांबी ३४७ किलोमीटर भरली. तुलुमजवळच्याच 'ओश बेल हा' या गुहेची मोजलेली लांबी आता ५०० किलोमीटरच्या पुढे गेली आहे.

रीलमध्ये दिसतं ते केव्ह डायव्हिंग असतं का?

बहुतेक वेळा नाही. हा फरक कळला नाही तर प्लॅन पहिल्याच पायरीवर चुकतो.

गुहेचं तोंड आणि जिथवर सूर्यप्रकाश दिसतो तो भाग म्हणजे 'कॅव्हर्न'. तुलुम परिसरात साधं ओपन वॉटर सर्टिफिकेट असलेल्यांनाही गाईडसोबत इथे नेलं जातं. एका गाईडमागे जास्तीत जास्त चार जण आणि बाहेरचा उजेड कायम नजरेत, असा तिथला संकेत आहे.

उजेड संपला की 'केव्ह' सुरू होते. तिथे वर डोकं काढायला पाण्याचा पृष्ठभाग नसतो, डोक्यावर खडक असतो. काहीही बिघडलं तरी आलेल्या वाटेनेच परत जावं लागतं. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. आधी डायव्हिंगचा चांगला अनुभव हवा आणि मग पूर्ण केव्ह कोर्ससाठी साधारण आठवडा ते दहा दिवस द्यावे लागतात.

अनेक गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेली पाटी लावलेली असते. अशा गुहांमध्ये तीनशेहून जास्त डायव्हर्स मेले आहेत, त्यात प्रशिक्षकही होते, असं ती सांगते. म्हणजे समुद्रातला अनुभव इथे पुरत नाही. तारकर्ली किंवा अंदमानमध्ये शिकून आलेल्या डायव्हरसाठी कॅव्हर्न हीच मर्यादा आहे.

पहिलं अंतर: रस्त्यावरचं

आता नकाशाकडे येऊ. कानकुन विमानतळापासून प्लाया देल कार्मेन साधारण ५५ किलोमीटर आणि प्लायापासून तुलुम आणखी ६० किलोमीटरच्या आसपास. तुलुमहून ग्रान सेनोटे ५ किलोमीटरच्या आत, 'कारवॉश' नावाचा सेनोटे ८-९ किलोमीटर, आंखेलिता १७ आणि दोस ओहोस सुमारे २० किलोमीटर. म्हणजे तुलुममध्ये मुक्काम ठेवला तर वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत अनेक दिवस पुरतील एवढी ठिकाणं आहेत.

तरीही लोक लांब का जातात? कारण मेरिदा शहराच्या बाजूचे सेनोटेही सुंदर आहेत. पण तुलुमहून मेरिदा सुमारे २५० किलोमीटर. जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीतच जातात.

डायव्हिंगचा दिवस कसा असतो, ते पाहिलं की हिशोब स्पष्ट होतो. सकाळी सेंटरवर सिलिंडर तपासून गाडीत भरायचे. हायवे सोडून जंगलातल्या कच्च्या रस्त्याने सेनोटेपर्यंत जायचं. जमीन अनेकदा खासगी किंवा गावच्या सामाईक मालकीची असते, तिथे प्रवेशशुल्क भरायचं आणि अनेक ठिकाणी ते रोखीतच द्यावं लागतं. मग सामान जोडणं, प्लॅनवर चर्चा, तास-दीड तासाची डाइव्ह, मध्ये विश्रांती आणि दुसरी डाइव्ह. तुलुममध्ये राहिलात तर हे सगळं दुपारी चारपर्यंत आटोपतं. मेरिदाकडे गेलात तर दुसरी डाइव्ह जवळजवळ बादच होते.

वर वजनाचा प्रश्न. केव्ह डायव्हर सहसा एका डाइव्हला दोन सिलिंडर घेतो, कारण एकाचा व्हॉल्व्ह बिघडला तर दुसरा हाताशी हवा. दिवसाला दोन डाइव्ह म्हणजे माणशी चार सिलिंडर. तिथे सर्रास वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा भरलेला सिलिंडर सुमारे १७ किलोचा असतो. दोन डायव्हर आणि एक गाईड धरला तर १२ सिलिंडर, म्हणजे दोनशे किलो. हे ओझं रोज भरून आणायचं तर भरणारं सेंटर जवळच हवं. रोज गाव बदलणाऱ्या प्लॅनमध्ये ही गोष्ट कोणी धरतच नाही.

दुसरं अंतर: गुहेतलं

रस्त्यावरचे २० किलोमीटर म्हणजे अर्धा तास. गुहेतले ५०० मीटर म्हणजे किती?

शांत पाण्यात डायव्हर मिनिटाला साधारण १५ मीटर सरकतो. ५०० मीटर आत जायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ आणि परतायला तेवढाच. म्हणजे एक किलोमीटरसाठी सव्वा तासाच्या आसपास. मध्ये अरुंद जागा आली किंवा तळाचा गाळ उडून समोरचं दिसेनासं झालं, तर हा हिशोब कोसळतो.

'केव्ह डायव्हिंग' हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला तो २०१८ मध्ये. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक अडकले होते. गुहेतलं पाणी उपसण्यासाठी सल्ला द्यायला महाराष्ट्रातल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथे गेले होते. ती मुलं गुहेच्या तोंडापासून सुमारे ४ किलोमीटरवर होती. आपल्याकडे एवढ्या अंतराला रिक्षा केली तर दहा-पंधरा मिनिटं लागतील. तिथे कसलेल्या डायव्हर्सना जायला सहा तास आणि यायला पाच तास लागत होते. आत हवेचे सिलिंडर ठेवून परतताना थायलंडच्या नौदलाचा माजी डायव्हर समन गुनान याचा ६ जुलै २०१८ रोजी मृत्यू झाला.

ती पुराच्या गढूळ पाण्यातली बचाव मोहीम होती, पर्यटन नव्हतं. पण गुहेतलं अंतर किलोमीटरमध्ये नाही तर श्वासात मोजायचं असतं, हे त्यातून जगाला दिसलं.

या श्वासाच्या हिशोबाचा एक नियम आहे, 'एक तृतीयांश'. सिलिंडरमधली एक तृतीयांश हवा आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेली संकटासाठी राखीव. सिलिंडर २०० बारपर्यंत भरला असेल तर साधारण ६५ बार खर्च होताच मागे फिरायचं. समोर कितीही सुंदर दालन असलं तरीही.

अमेरिकी डायव्हर शेक एक्सली यांनी अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये अशा नियमांचं छोटं पुस्तकच काढलं. प्रशिक्षण, बाहेरपर्यंत अखंड दोरी, हवेचा राखीव साठा, खोलीची मर्यादा आणि किमान तीन दिवे, हे आजही या खेळाचे पाया मानले जातात. खुद्द एक्सली यांचा १९९४ मध्ये मेक्सिकोतल्याच साकातोन या अतिखोल सेनोटेत विक्रमाच्या प्रयत्नात मृत्यू झाला.

आता पहिलं अंतर आणि दुसरं अंतर जोडून बघा. पहाटे चारला उठून तीन तास गाडी चालवून आलेला, झोप अर्धवट झालेला डायव्हर आराम करून आलेल्यापेक्षा लवकर दमतो. दमला की श्वास जोरात चालतो आणि हवा लवकर संपते. ६५ बार लवकर खर्च झाले की लवकर मागे फिरावं लागतं. म्हणजे रस्त्यावर वाढवलेलं अंतर गुहेत कमी होतं. आणि 'एवढ्या लांब आलोय तर अजून थोडं पुढे जाऊ' हा मोह त्याच वेळी सगळ्यात जोर धरतो.

तिसरं अंतर: विमानापर्यंतचं

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते याकडे.

पाण्याखाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला तास लागतात. तो निघून जायच्या आत बाहेरचा हवेचा दाब कमी झाला तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. याला डिकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. तो सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका खाली जाऊ शकतो. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे 'डॅन' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं अशी आहेत:

- एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास थांबा.
- अनेक दिवस किंवा दिवसातून अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास.
- वर येताना टप्प्याटप्प्यावर थांबणं सक्तीचं होतं अशी डाइव्ह असेल तर १८ तासांपेक्षा बरंच जास्त. अनेक जण पूर्ण २४ तास किंवा त्याहून अधिक ठेवतात.

हे केवळ विमानालाच लागू नाही. सुमारे ६०० मीटरच्या वर रस्त्याने जाणंही यात येतं. युकातान सपाट असल्याने तुलुमहून चिचेन इत्साला गाडीने जाण्यात ही अडचण नाही. पण डायव्हिंग संपवून लगेच मेक्सिको सिटीत उतरायचा बेत असेल तर ते शहर २२४० मीटरवर आहे. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. मालवणजवळ दोन-तीन दिवस खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढणाऱ्यांनीही हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

नवा विमानतळ तुलुमपासून पाऊण तासावर आला, म्हणून 'सकाळी डाइव्ह, संध्याकाळी फ्लाइट' जमेल असं वाटू शकतं. पण विमानतळ जवळ आल्याने नायट्रोजन लवकर बाहेर पडत नाही.

मग लांबचं ठिकाण कधीच नको का?

असं नाही. याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतच आहे, फ्लोरिडाच्या उत्तर भागात.

हाय स्प्रिंग्ज हे छोटं गाव केव्ह डायव्हर्सचा अड्डा मानलं जातं. तिथून जिनी स्प्रिंग्ज दहा-बारा किलोमीटर, तर पीकॉक स्प्रिंग्ज तासाभराच्या आत. नियम कडक आहेत. जिनीमधल्या 'डेव्हिल्स' झऱ्यांत केव्हचं सर्टिफिकेट नसलेल्या डायव्हरला टॉर्च न्यायलाही मनाई आहे. कारण साधं आहे, टॉर्च नसेल तर माणूस अंधारात शिरत नाही.

पण हे झरे सुवानी आणि सांता फे या नद्यांच्या काठी आहेत. नद्यांना पूर आला की काळपट पाणी झऱ्यांत उलटं शिरतं आणि डायव्हिंग बंद पडतं. अशा वेळी अडीचशे किलोमीटरहून लांब असलेलं मारियाना गाव उपयोगी पडतं, कारण तिथला 'जॅक्सन ब्लू' झरा वेगळ्या खोऱ्यात आहे.

म्हणजे लांबचं ठिकाण आधीपासून रोजच्या कार्यक्रमात कोंबायचं नसतं. ते पर्याय म्हणून खिशात ठेवायचं असतं. वापरायची वेळ आलीच तर मुक्कामच तिकडे हलवायचा, रोज ये-जा करायची नाही.

अंतर कमी करण्याची किंमत कोण मोजतंय?

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि ती जास्त अस्वस्थ करणारी आहे.

ट्रेन मायाचा कानकुन ते तुलुम हा पट्टा आधी हायवेच्या कडेने जाणार होता. २०२२ च्या सुरुवातीला सरकारने त्याचा दक्षिणेकडचा भाग आत जंगलात वळवला. खाली पोकळ चुनखडी, त्यामुळे पुलाचा भार पेलण्यासाठी हजारो खांब जमिनीत रोवले गेले. यातले काही खांब गुहांचं छत फोडून थेट पाण्यात उतरल्याचं स्थानिक केव्ह डायव्हर्सनी व्हिडिओंतून दाखवलं. आंदोलनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं, काही काळ स्थगितीही मिळाली. सरकारने प्रकल्पाला राष्ट्रीय सुरक्षेचा दर्जा देऊन काम पुढे नेलं. २०२५ मध्ये मेक्सिकोच्या पर्यावरण मंत्रालयानेही या पट्ट्यात गुहा आणि सेनोटेंचं नुकसान झाल्याचं मान्य केलं.

समर्थकांचं म्हणणं असं, की दक्षिण मेक्सिको कायम मागे राहिला, तिथे रोजगार आणि स्वस्त प्रवास पोहोचायलाच हवा. हा मुद्दा खोटा नाही. पण या गुहा म्हणजे त्या भागाचं पिण्याचं पाणी आहे आणि इतिहासही. साक आक्तुनचाच भाग असलेल्या 'ओयो नेग्रो' या खोल खड्ड्यात २००७ मध्ये डायव्हर्सना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला. तो सुमारे १२ ते १३ हजार वर्षांपूर्वीचा आहे. अमेरिका खंडात सापडलेल्या सर्वात जुन्या आणि पूर्ण सांगाड्यांमध्ये त्याची गणना होते.

ज्या गुहा बघायला लोक लवकर पोहोचावेत म्हणून मार्ग बांधला, त्याच मार्गाचे खांब काही गुहांमध्ये उतरले. अंतर कमी झालं खरं, पण त्याचा भार गुहांच्या छतावर पडला.

मग सात दिवसांचा शहाणा प्लॅन कसा दिसेल?

- पहिला दिवस: पोहोचणं, झोप, सेंटरवर कागदपत्रं आणि सामानाची तपासणी. डाइव्ह नाही.
- दुसरा दिवस: मुक्कामाजवळचं सोपं ठिकाण. पाणी आणि सामानाची सवय होण्यासाठी.
- तिसरा ते पाचवा दिवस: अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूतली ठिकाणं, दिवसाला जास्तीत जास्त दोन डाइव्ह. एकाच गुहेत पुन्हा गेलात तरी हरकत नाही. वाट ओळखीची झाली की सुरक्षितता वाढते.
- सहावा दिवस: डाइव्ह नाही. लांबचा प्रवास करायचाच असेल तर तो आज. चिचेन इत्सा, कोबा किंवा तुलुमचे समुद्रकाठचे भग्नावशेष.
- सातवा दिवस: विमान.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. जवळचं डिकम्प्रेशन चेंबर कुठे आहे आणि ते सुरू आहे का? तुमचा प्रवास विमा केव्ह डायव्हिंगला लागू होतो का? अनेक साध्या पॉलिसींमध्ये हा खेळ वगळलेला असतो. आणि गाईडकडे स्वतःचं केव्ह सर्टिफिकेट आहे का?

एखादा गाईड कॅव्हर्नच्या सर्टिफिकेटवर 'थोडं आत' नेतो म्हणाला, तर ती सवलत नाही, धोक्याची घंटा आहे.

थोडक्यात काय?

विमानतळ, रेल्वे आणि हायवे यांनी तुलुम जगाच्या जवळ आणलं. पण या ट्रिपमधली खरी अंतरं तेवढीच आहेत. गुहेतला तो अर्धा किलोमीटर, शेवटच्या डाइव्हनंतरचे ते १८-२४ तास आणि ओपन वॉटरपासून केव्हपर्यंतचं प्रशिक्षण. ही अंतरं पैसे देऊन कमी होत नाहीत.

त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर सात दिवसांत सहा ठिकाणांचा प्लॅन आला, तर एक प्रश्न नक्की टाका. यात बिनडाइव्हचा दिवस कुठे आहे? तो दिसत नसेल, तर नकाशावरच्या दोन पिन आधी काढा आणि मग तिकीट काढा.